पंप ‘रनिंग ड्राय’ आहे असं पाहुण्यांना कळवू नका

पत्र

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. हल्ली पाहुणे बंगळूर, दिल्ली, हैदराबादहूनही येतात आणि व्हॉट्सॲपवर इंग्रजीतून विचारतात. माझं शिक्षण मराठीतून, बारावीपर्यंत. बाकी इंग्रजी निभावून नेते, पण ‘रन’ या एका शब्दाने जीव खाल्लाय. एकीने विचारलं, ‘इज देअर रनिंग वॉटर?’ मला वाटलं वाहतं पाणी, म्हणजे वहाळ. ‘ओन्ली इन रेनी सीझन’ असं कळवलं. तिने बुकिंगच रद्द केलं. पंप दुरुस्त होऊन आला, गळती थांबली, खालची जमीन कोरडी राहायला लागली, म्हणून ‘पंप इज रनिंग ड्राय नाउ’ असं लिहिलं, तर पाहुण्यांचा घाबरून फोन. ‘व्हेन डज द टाइड रन आउट?’ याला काय उत्तर द्यायचं? एका गृहस्थांनी अभिप्राय लिहिलाय, ‘अ लिटल रन-डाउन, बट व्हेरी वेल रन.’ ही स्तुती की टीका? आणि परवा रात्री अकराला खोलीतून मेसेज आला, ‘माय हजबंड हॅज द रन्स.’ मला वाटलं, मॅचबद्दल काहीतरी असेल. डिक्शनरीत पहिला अर्थ ‘धावणे’, पुढे चाळीस-पन्नास आणखी. सून म्हणते, पाठ करा. किती पाठ करू? की हा शब्द लिहायचाच सोडून देऊ?

एक होमस्टेवाली, ता. गुहागर

उत्तर

ताई, शेवटच्या मेसेजपासून सुरुवात करू, कारण त्यात माणूस आजारी होता. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. आधी ‘द’ आणि शेवटी ‘स’, दोन्ही असले आणि वाक्यात क्रिकेटचा मागमूस नसला, की दुसरा अर्थ शोधू नका. ओआरएसची पुडी न्या आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायला सांगा. निम्म्या पाण्यात केली तर क्षार जास्त होतात आणि त्रास वाढतो. खायला मऊ पेज. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टर. त्याच जातीचा दुसरा मेसेज येऊ शकतो: ‘माय सन इज रनिंग अ टेम्परेचर.’ मुलगा कुठेही धावत नाहीये, त्याला ताप आहे. ‘रनिंग अ फीव्हर’ म्हणजेही तेच. हे दोन मात्र खरंच पाठ करा, कारण रात्री अकराला डिक्शनरी उघडत बसायला वेळ नसतो.

बाकीचं पाठ करायचं म्हणाल, तर आकडा ऐका. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढच्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. माणसं आणि घोडे धावायचे तोवर शब्द आटोक्यात होता. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने आले, कॉम्प्युटर आले, आणि जे जे हललं, चाललं, वाहिलं त्याला इंग्रजांनी ‘रन’ लावलं. ६४५ पाठ असलेला माणूस इंग्लंडातही सापडायचा नाही. तरी त्यांचं अडत नाही, आणि का अडत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही रोज ‘लागणे’ वापरता.

भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो. होडी किनाऱ्याला लागते आणि मासा गळाला. दूध तळाला लागतं. कच्ची सुपारी लागते आणि डोकं गरगरतं. पाऊस लागला की चार दिवस सोडत नाही. नोकरी लागते, नाद लागतो, वाट लागते. हे काही कुणी तुम्हाला शाळेत शिकवलेलं नाही. ‘बस लागली’ एवढंच कुणी म्हटलं तर तुम्हीही क्षणभर थांबाल. ‘फलाटाला बस लागली’ म्हटलं तर पिशव्या उचलाल, आणि ‘मला बस लागली’ म्हटलं तर कुंभार्ली घाट आठवून लिंबू शोधाल. शब्द तोच. अर्थ ठरवला तो ‘फलाटाला’ आणि ‘मला’ यांनी.

‘रन’चंही अगदी असंच. त्याच्याकडे एकट्याकडे बघून काही कळत नाही. आधी त्याच्या अलीकडे बघायचं, रन कोण होतंय: माणूस, यंत्र, पाणी, गाडी, की संपणारा माल. मग पलीकडे बघायचं. तिथे एखादी वस्तू आहे (रन अ होमस्टे), छोटा शब्द आहे (आउट, डाउन, इन्टू, ओव्हर), की गुण दाखवणारा शब्द आहे (ड्राय, लो, लेट)? या दोन टोकांच्या मध्ये मराठी क्रियापद आपोआप सापडतं. माणूस धावतो, यंत्र चालतं, पाणी वाहतं, रस्ता जातो, माल संपतो. मराठीने हे काम पाच क्रियापदांना वाटून दिलंय, इंग्रजीने एकाच्याच माथी मारलंय. डिक्शनरी ‘धावणे’ पहिलं देते म्हणून ते प्रत्येक वाक्यात पहिलं लावून बघायची सवय लागते, आणि तिथेच घसरायला होतं.

आता तुमची वाक्यं घेऊ.

‘रनिंग वॉटर’. इथे ‘रनिंग’ नामाच्या आधी विशेषणासारखं बसलंय. राहण्याच्या जागेबद्दल विचारलं असेल तर त्याचा अर्थ एकच: नळाला पाणी येतं का, की विहिरीवरून बादलीने आणायचं? वहाळाबद्दल विचारायचं असतं तर तिने ‘स्ट्रीम’ म्हटलं असतं. उत्तर असं द्या: ‘येस, टॅप वॉटर इन ऑल बाथरूम्स, ट्वेंटी-फोर अवर्स.’ पुढचा प्रश्न बहुधा वीज गेली तर काय, हा असतो. त्याचा हिशेब आधीच करून ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आठ पाहुणे म्हणजे १,०८० लिटर. गच्चीवर हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर वीज नसताना ती जेमतेम एक दिवस पुरेल. ‘द टँक लास्ट्स वन डे विदाउट पॉवर’ असं सरळ कळवलंत तर पाहुणेही जपून वापरतात.

आता पंप. यावर जरा जास्त थांबू, कारण इथे चूक भाषेची असली तरी तिचा अर्थ यंत्राच्या जिवावर बेतणारा होता. ‘रन’च्या पुढे गुण दाखवणारा शब्द आला की ‘रन’चा अर्थ ‘तसं होत जाणं’ असा होतो. विहीर ‘रन्स ड्राय’ म्हणजे आटते. दूध ‘रनिंग लो’ म्हणजे कमी होत आलंय. गाडी ‘रनिंग लेट’ म्हणजे तिला उशीर होतोय. पण पंप ‘रनिंग ड्राय’ म्हणजे तो पाण्याविना, कोरडा फिरतोय. यात तुमची कोरडी जमीन कुठेच येत नाही. वाचणाऱ्याला दिसतं ते असं: विहिरीचं पाणी खाली गेलं, किंवा फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) गळका झाला, पाइपात हवा शिरली आणि मोटर नुसतीच घरघरतेय. मोनोब्लॉक पंपात (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्या) दांड्याभोवती जे सील असतं त्याच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो म्हणून त्या थंड राहतात. पाणी नसलं की काही मिनिटांत तापतात, तडकतात, आणि पुढच्या वेळी पाणी आलं की दांड्यापाशी गळायला लागतं. म्हणजे तुम्ही कळवलंत ‘गळती थांबली’, आणि पाहुण्यांनी वाचलं ‘गळती सुरू होणार, शिवाय आंघोळीला पाणी नाही’. फोन येणारच.

तुम्हाला म्हणायचं होतं ते असं: ‘द लीक इज फिक्स्ड. द पंप इज वर्किंग.’ ‘रन’ची गरजच नव्हती. आणि एप्रिल-मेमध्ये पंप खरंच कोरडा फिरताना दिसला (आवाज बदलतो, टाकीत धार पडत नाही, पंपाचं अंग हाताला चटका देतं), तर आधी बटण बंद. निवू द्या. मग फूट व्हॉल्व्ह पाण्याखाली आहे का बघा, वरच्या बुचातून पाणी भरून प्रायमिंग करा, आणि मगच चालू करा. असा पंप व्यवहारात सात मीटरच्या आसपास खोलीवरूनच पाणी ओढू शकतो. उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली तर प्रायमिंग करकरूनही उपयोग नाही, पंपच खाली उतरवावा लागतो.

इथेच एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. शब्दांची अदलाबदल केली की ‘ड्राय रन’ होतं, आणि साध्या इंग्रजीत त्याचा अर्थ होतो सराव, रंगीत तालीम. एखादा पाहुणा लग्नाच्या आदल्या दिवशी ‘लेट अस डू अ ड्राय रन’ म्हणाला तर त्याला मांडव, जेवण, माईक असं सगळं एकदा करून बघायचंय. पण पंपाच्या स्टार्टर पॅनलवर ‘ड्राय रन प्रोटेक्शन’ लिहिलेलं असतं तिथे तालीम नसते. पाणी नसलं तर मोटर बंद पाडणारी सोय असते ती. पुन्हा तेच: शेजारी कोण बसलंय ते बघायचं. (आपल्या दशावतारी मंडळींना पहिल्या अर्थाचं ड्राय रन फारसं लागतच नाही. कथानक ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या सुचलेले.)

‘व्हेन डज द टाइड रन आउट?’ हे वाक्य चांगलं आहे, कारण तोच ‘रन आउट’ तीन ठिकाणी तीन अर्थांचा होतो. क्रिकेटमधला रन आउट घराघरात माहीत आहे. ‘गॅस हॅज रन आउट’ म्हणजे गॅस संपला. पण भरतीचं पाणी संपत नसतं, ते बाहेर जातं. पाणी किंवा माणूस असेल तर ‘आउट’ ही जागा असते, बाहेर. शिल्लक माल असेल तर ‘आउट’ म्हणजे संपलं. तेव्हा प्रश्न आहे: ओहोटी कधी लागते? बघा, इथेही आपल्याला ‘लागणे’च लागलं.

उत्तरासाठी तिथीची पाऊणपट करायची जुनी रीत आहे. तुमच्या गावात कुणालाही विचारा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमी असेल तर सात पाऊणे सव्वापाच. पहाटे सव्वापाचच्या सुमारास पूर्ण भरती, आणि संध्याकाळी साधारण त्याच वेळेला पुन्हा. तिथून पुढे ओहोटी लागते आणि सव्वासहा तासांनी, साडेअकराच्या आसपास, पाणी सर्वांत मागे जातं. ही रीत ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे धरा. पाहुण्यांना लिहा: ‘हाय टाइड अराउंड फाइव्ह-फिफ्टीन. द वॉटर गोज आउट टिल अबाउट इलेव्हन-थर्टी.’ खडकांवर फिरायचं असेल तर साडेदहा ते साडेबारा ठीक, असंही सांगा. आणि खाडीच्या मुखाजवळ ओहोटी सुरू असताना पोहू नका, हे वेगळ्या ओळीत. त्या वेळी पाण्याची ओढ बाहेरच्या बाजूला असते. त्या ओढीला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्हाला यायची गरज नाही. ‘डोन्ट स्विम निअर द क्रीक व्हेन वॉटर इज गोइंग आउट’ पुरे.

संपण्याच्या अर्थाचा ‘रन आउट’ तुम्हाला रोज लागेल, म्हणून त्याची रूपं नीट बघा. वस्तूकडून बोलायचं तर ‘सोलकढी हॅज रन आउट’. स्वतःकडून बोलायचं तर ‘ऑफ’ हवाच: ‘वुई हॅव रन आउट ऑफ सोलकढी’. ‘ऑफ’ गाळलात तर ‘आम्ही बाहेर पळालो’ असं वाचलं जाईल. ‘रनिंग आउट’ म्हटलं तर अजून थोडी आहे, संपत आलीय. दुपारी बाराला पाठवायला ते बरं, म्हणजे ऑर्डर लवकर येतात. जून-जुलैचं मात्र वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा ‘पापलेट हॅज रन आउट’ लिहिलं तर पाहुणा विचारतो, उद्या येईल का? कारण ‘रन आउट’मध्ये ‘होतं, पण संपलं’ असा अर्थ आहे. त्या दोन महिन्यांत ‘नॉट अव्हेलेबल, फिशिंग इज क्लोज्ड टिल थर्टी-फर्स्ट जुलै’ हेच लिहा.

व्याकरणाची एक खोट जाता जाता: काल संपला तर ‘रॅन आउट’, पण ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ आलं की परत ‘रन’. ‘हॅज रॅन आउट’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे.

आता तो अभिप्राय. ‘अ लिटल रन-डाउन, बट व्हेरी वेल रन.’ लिहिणारा माणूस इंग्रजीत मुरलेला दिसतो. एकाच शब्दावर त्याने टीका आणि स्तुती दोन्ही बसवल्यात. मध्ये छोटी आडवी रेघ असलेलं ‘रन-डाउन’ म्हणजे जुनाट झालेलं, डागडुजीला आलेलं. पडकं नव्हे, तेवढं वाईट वाटून घेऊ नका. ‘वेल रन’मधला ‘रन’ हा चालवण्याचा, ‘शी रन्स अ होमस्टे’ मधला, त्याच्या तिसऱ्या रूपात. मिळून मराठी असं: जागा थोडी जुनी झालीय, पण व्यवस्था फार छान. तुमच्या जागी आम्ही असतो तर या अभिप्रायावर खूश झालो असतो. भिंत रंगवता येते, व्यवस्था विकत मिळत नाही.

याच शब्दाची भावंडं ओळखून ठेवा. गाडीची बॅटरी ‘रन डाउन’ झाली म्हणजे उतरली. पाहुणा ‘फीलिंग रन-डाउन’ असेल तर तो थकलाय, गळून गेलाय. मधली रेघ काढून एकत्र लिहिलेलं ‘रंडाउन’ मागितलं, जसं ‘गिव्ह मी अ रंडाउन ऑफ द चार्जेस’, तर त्याला दरांचा थोडक्यात तपशील हवाय. आणि ‘समबडी वॉज रन डाउन’ असा मेसेज रस्त्यावरून आला तर कुणाला तरी वाहनाने उडवलंय, तेव्हा व्याकरण बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

अभिप्रायाला उत्तर द्यायचं ते दिवसासकट द्या, पण जमेल तोच दिवस. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या जाळ्या गंजतात, चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरून ठेवतात. ऑक्टोबरमध्ये घाईने रंग काढलात तर आतली ओल बाहेर पडताना तो पोपडे धरून सुटेल. भिंती वाळू द्या. ‘थँक यू. वुई आर रिपेंटिंग द रूम्स इन डिसेंबर.’ एवढं उत्तर भरपूर. ‘सॉरी फॉर इन्कन्व्हीनियन्स’ वगैरे जोडू नका, त्याने गैरसोयीची तक्रार केलेलीच नाही.

डागडुजी काढलीत की आणखी एक ‘रन’ दारात येईल, आणि हा पैशाला लागतो. गवंडी, सुतार, पत्रेवाला ‘रनिंग फूट’चा दर सांगतात. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी, रुंदी धरायची नाही. पन्हळ, कंपाउंडची तार, पायऱ्यांची कड यांना हे माप बरोबर. पण स्वयंपाकाचा ओटा दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असेल तर तो दहा रनिंग फूट आणि वीस चौरस फूट, दोन्ही आहे. एकाने रनिंग फुटाचा दर दिला आणि दुसऱ्याने चौरस फुटाचा, तर दुसरा आकडा लहान दिसतो आणि माणूस फसतो. दर सांगितला की लगेच विचारा: रनिंग की चौरस? रुंदी किती धरली? कागदावर लिहून घ्या. गावात हा शब्द इतका रुळलाय की त्यातला इंग्रजी ‘रन’ कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘गाडीचं रनिंग किती झालंय’ यातही तोच, आणि तिथे तो किलोमीटर होतो.

गाड्या आणि बोटींचं सोपं आहे. ‘इज द फेरी रनिंग?’ म्हणजे दाभोळ-धोपावे फेरीबोट आज चालू आहे का. ‘डज द फेरी रन ऑन संडेज?’ म्हणजे एरवी रविवारी असते का. ‘रनिंग’ आजचं, ‘रन’ नेहमीचं. वाऱ्यापावसाने बंद असेल तर ‘नॉट रनिंग टुडे’ लिहा. ‘डज नॉट रन’ लिहिलंत तर ती कधीच नसते असं होईल आणि माणूस चिपळूणवरून वळसा घालून येईल. नाम म्हणून ‘रन’ आला, ‘व्हॉट टाइम इज द लास्ट रन?’, तर तो आपली फेरी: शेवटची फेरी किती वाजता? योगायोग असा की इंग्रजी ‘फेरी’ आणि आपली ‘फेरी’ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. त्यांची पार होण्यातली, आपली फिरण्यातली.

‘द रोड रन्स अलाँग द क्रीक’ म्हणजे रस्ता खाडीच्या कडेने जातो. ‘वुई रॅन इन्टू अ बफेलो’ म्हणजे म्हशीला गाडी धडकली, पण ‘वुई रॅन इन्टू युवर नेबर’ म्हणजे तुमचे शेजारी वाटेत अचानक भेटले. अर्थात ‘रॅन ओव्हर’ असेल तर शेजाऱ्यांची चौकशी करा. बाकी निवडणूक, शेअर बाजार, नाटकाचे प्रयोग यांतले ‘रन’ पेपरात भेटतील तेव्हा बघू, होमस्टेच्या मेसेजमध्ये ते येत नाहीत.

इन्व्हर्टरबद्दल मात्र हमखास विचारतात, आणि दोन वेगळे प्रश्न विचारतात. ‘हाउ लाँग डज द इन्व्हर्टर रन?’ म्हणजे तो स्वतः किती वेळ चालतो. ‘डज इट रन द एसी?’ म्हणजे तो एसी चालवतो का. पुढे वस्तू आली की चालणे जाऊन चालवणे येतं. हिशेब असा: १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. जुनी बॅटरी, वाटेतली तूट धरून हातात ११०० च्या आसपास येतात. ७५ वॉटचे तीन पंखे आणि ९ वॉटचे पाच दिवे म्हणजे २७० वॉट. चार तास. एसी यावर विसरा. ‘इट रन्स फॅन्स अँड लाइट्स फॉर अबाउट फोर अवर्स. इट डज नॉट रन द एसी.’ इथे ‘रन’ बेधडक वापरा, याहून सुटसुटीत शब्द नाही.

म्हणजे लिहायचा की टाळायचा, याचं उत्तर दोन भागांत. वाचताना त्याला टाळता येणार नाही, पाहुणे लिहीतच राहणार. लिहिताना यंत्र, बोट, गाडी आणि होमस्टे यांना तो बिनधास्त लावा. पुढे ड्राय, डाउन, आउट, ओव्हर यांपैकी काही येत असेल तर एकदा थांबा आणि ‘वर्क’, ‘फिनिश’, ‘गो’, ‘स्टॉप’ यांतला एखादा बसतो का बघा. बहुतेकदा बसतो.

सूनबाईंना सांगा, पाठांतर नको, वही घाला. चार पानं करा: माणूस, यंत्र, पाणी, माल. आलेला मेसेज आख्खा उतरवायचा, समोर मराठी. सुटा शब्द उतरवायचा नाही. फोनवर अर्थ शोधतानाही ‘रन’ एकटा टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. छापील डिक्शनरीत ‘रन आउट’, ‘रन डाउन’ असे जोड नोंदीच्या अगदी शेवटी असतात. सुरुवातीच्या चाळीस अर्थांत शोधत बसलात तर सापडणार नाहीत. महिन्याभरात वहीत पंधरा-वीस वाक्यं जमतील आणि तीच तीच परत येताना दिसतील.

राहिली न्हाणीघरातली पाटी, जी तुम्ही पत्रासोबत फोटोत पाठवलीय. ‘नळ थोडा वेळ सोडा’ याचं तुम्ही ‘लीव्ह द टॅप सम टाइम’ केलंय. त्याचा अर्थ ‘नळाला थोडा वेळ एकटं राहू द्या’ असा काहीसा होतो, म्हणून पाहुणे नळ बंद करून वाट बघत बसतात आणि गरम पाणी येत नाही म्हणून हाक मारतात. इथे हवा तो ‘रन’च: ‘प्लीज रन द टॅप फॉर वन मिनिट. हॉट वॉटर कम्स फ्रॉम द रूफ.’ सोलरपासून न्हाणीपर्यंत अर्ध्या इंची नळी बारा मीटर असेल तर तिच्यात साधारण दोन लिटर गार पाणी साठलेलं असतं. ते निघून जायला मिनिटसुद्धा लागत नाही. मिनिटानंतरही गारच येत असेल तर दोष पाटीचा नाही, वर टाकीपाशी व्हॉल्व्ह बघा. आणि नळाखाली एक बादली ठेवा, ते दोन लिटर माडाच्या आळ्यात जातील.